हानिमच्या खोलीबाहेरचा आकडा

मित्रांनो, मी जुना आहे, पण गंजलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण म्हाताऱ्या लोखंडाबद्दल लोकांच्या मनात पहिली शंका तीच येते. मी एक लांब लोखंडी आकडा आहे. अलेक्झांड्रियातल्या एका गच्चीवर, एका बंद खोलीबाहेरच्या खिळ्यावर माझी जागा आहे. त्या खोलीत हानिम राहते. हानिम म्हणजे बाईसाहेब, आणि ही बाईसाहेब म्हणजे साडेचार मीटर लांबीची अजगराची मादी. तिच्याकडे जाणाऱ्याला आधी मला हातात घ्यावे लागते. असा मान किती काठ्यांच्या नशिबी येतो, सांगा बरे!

माझा जन्म काही या कामासाठी झाला नव्हता. बंदराजवळच्या एका कापडाच्या दुकानात मी शटर खाली ओढण्याचे काम करत असे. दिवसातून दोनदा काम, उरलेला दिवस कोपऱ्यात. मग दुकानाला बटणावर चालणारे शटर बसले आणि मी भंगारात जाऊन पडलो. तिथून मला वगीहने उचलले. वगीह ट्रामच्या कारखान्यात मिस्त्री होता, म्हणून सगळे त्याला उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणत. त्याने माझे टोक तापवून वाकवले, घासघासून गोल केले आणि स्वतःच्या गालावर फिरवून पाहिले. कुठेही ओरखडा उठला नाही, तेव्हाच तो म्हणाला, "आता शोभतोस तू बाईसाहेबांना."

हानिम तेव्हा नुकतीच घरी आली होती. शुक्रवारच्या बाजारातून वगीहने तिला पिशवीत घालून आणली, तेव्हा ती माझ्याहूनही आखूड होती. विकणाऱ्याने शपथेवर सांगितले होते की हिची वाढ एवढीच. पण वाढत्या जिवाला शपथा कुठे कळतात?

वगीहची बायको इन्साफ हिने मात्र पहिल्याच दिवशी अट घातली. गच्चीवर तिचे ससे होते. त्यांच्या खुराड्यांपलीकडची रिकामी खोली तिने हानिमला दिली आणि दारात उभी राहून म्हणाली, "ठेव बाबा तुझी ही दोरी. पण ऐकून ठेव. ज्या दिवशी या घरातल्या कुणालाही ती चावेल, त्या दिवशी ती या घरातून जाईल. रडलास तरी जाईल."

"नाही चावणार," वगीह म्हणाला.

"आणि माझा पाय या उंबऱ्याच्या आत पडणार नाही. कळलं?"

त्या अटीची राखण माझ्याकडे आली. माझे काम सोपे होते, पण त्यात चुकून चालत नसे. अजगराची नजर काही फार तीक्ष्ण नसते. ऊब आणि वास यांवरून तो ओळखतो की समोर जेवण आहे की माणूस. हानिमचे जेवण लांब चिमट्याने येई. पंधरा दिवसांतून एकदा, इन्साफच्या खुराड्यातला मारलेला ससा. चिमटा आला की जेवण, आणि मी आलो की जेवण नाही. दार उघडले की वगीह माझ्या वाकड्या टोकाने हानिमच्या अंगाला मधोमध, डोक्यापासून दूर, हलकेच दोनदा शिवत असे. ती जीभ बाहेर काढी, मान जरा मागे घेई आणि सैल पडे. मग तो बाजूने हात घालून तिला उचले. समोरून कधीच नाही. चिमटा बिचारा सशाच्या वासाने कायम माखलेला. माझ्या अंगाला मात्र वगीहने कधी सशाचा केससुद्धा लागू दिला नाही. मला त्याचा गर्व होता, आजही आहे.

हानिम वाढली तसे नियमही वाढले. एकट्याने आत जायचे नाही. तिला गळ्यात घालायचे नाही, मग पाहुणे फोटोसाठी कितीही गळ घालोत. जेवल्यावर तीन दिवस हात लावायचा नाही. कात टाकायच्या आधी तिचे डोळे दुधाळ होतात, तेव्हाही नाही. दुसरे माणूस म्हणून इन्साफ दाराबाहेर हाताची घडी घालून उभी राही आणि वगीह आतून व्याख्यान देत राही.

"चुकून धरलंच तिनं, तर हात ओढायचा नाही. दात आतल्या बाजूला वळलेले असतात, ओढलं की मांस फाटतं. शेपटीकडून सोडवायचं. तोंडावर गार पाणी."

"हज्जार वेळा सांगून झालंय," इन्साफ म्हणे. "माझ्या भाषणाकडे एवढं लक्ष दिलं असतंस तर नळ गळला नसता."

अशी अकरा वर्षे गेली. एक चावा नाही, एक ओरखडा नाही. शेजारपाजारचे लोक हानिमला बघायला येत. वगीह आधी मला खिळ्यावरून काढून दाखवी. "हा माझा दरवान," तो म्हणे. मी मनातल्या मनात ताठ उभा राही.

पण अतिपरिचय वाईट. हळूहळू वगीह मला कधी घेई, कधी नुसती नजर टाकून आत जाई. हानिम शहाणी, तिने काही केले नाही, आणि त्यामुळे तो अधिकच बेफिकीर झाला. मी खिळ्यावरून सगळे पाहत होतो. लोखंडाला ओरडता येत नाही, हेच आमचे दुःख.

मग तो शुक्रवार आला. इन्साफचा भाऊ फिक्री जेवायला येणार होता, आणि फिक्री येणार म्हणजे सशाची मुलूखिया हवीच. हिरव्यागार पाल्याची ती दाट, लसणाच्या फोडणीची आमटी आणि त्यात सशाचे मांस. इन्साफ पाला चिरत बसली आणि ससे सोलायचे काम वगीहकडे आले. गच्चीवरच त्याने दोन ससे सोलले, हात नळाखाली धरले, विजारीला पुसले. झाले!

फिक्री गच्चीवर आला तो तोंड वाजवतच. "काय उस्ता, बाईसाहेब बऱ्या आहेत ना?"

"मजेत आहे. दाखवतो." वगीहचा हात माझ्याकडे वळला.

"अरे, अजून काठी लागते? अकरा वर्षं झाली! माझ्या बहिणीच्या खोलीत जातानाही काठी घेऊन जातोस का?"

वगीह हसला. कान मात्र लाल झाले. त्याचा हात माझ्यापासून बोटभर अंतरावर थांबला आणि मागे गेला. "तिला माझा आवाज कळतो," तो म्हणाला, आणि दार उघडून सशाच्या वासाचे हात पुढे करत आत शिरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हानिमने मान आखडून घेतलेली मला उघड्या दारातून दिसली. पुढचे दिसलेच नाही, इतके झटकन झाले. वगीहचा उजवा हात तिच्या तोंडात होता आणि तिचे दोन वेढे दंडावर चढले होते.

फिक्री किंचाळत जिन्याकडे धावला. "इन्साफ! सुरी! सुरी आण!"

इन्साफ वर आली, पण सुरी घेऊन नाही. तिच्या हातात फ्रीजमधल्या गार पाण्याचा मोठा जग होता. दाराशी येताच तिचा दुसरा हात सरळ माझ्यावर पडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा!

वगीह दात आवळून हात ओढायला लागला होता. "ओढू नकोस!" ती ओरडली. "तूच सांगतोस ना, मांस फाटतं! फिक्री, रडणं पुरे. जग धर. आत ये आणि शेपूट पकड."

"मी? शेपूट?"

"मग काय मी तुझं पकडू?"

तिने उंबरा ओलांडला. वेढा इतका घट्ट होता की बोट शिरेना. तेव्हा तिने माझे गोल टोक शेपटीकडच्या वेढ्याखाली सरकवले आणि हळूहळू उचलले. मी वाकलो नाही, मित्रांनो. एक वेढा सुटला, फिक्रीने डोळे मिटून तो धरला. मग दुसरा. मग तिने जग घेऊन हानिमच्या तोंडावर गार पाण्याची धार धरली. हानिमने जबडा उघडला, मान झटकली आणि ती कोपऱ्यात जाऊन वेटोळे करून बसली. दाराला कडी लागली तेव्हा कुठे इन्साफने मला खाली ठेवले.

अजगराला विष नसते, पण दात खूप. वगीहचा हात साबणाने धुतला, दवाखान्यात नेला, सुई टोचली, पट्टी बांधली. संध्याकाळी तिघे गच्चीवर बसले. मुलूखिया तशीच निवून गेली होती.

"उद्याच्या उद्या देऊन टाक कुणाला तरी," फिक्री म्हणाला.

वगीह उठला. डाव्या हाताने त्याने मला पुसले आणि इन्साफच्या मांडीवर ठेवले. त्याचे डोळे भरले होते. "अट म्हणजे अट," तो म्हणाला. "मी रडलो तरी."

इन्साफ बराच वेळ मला हातात फिरवत राहिली. माझ्या अकरा वर्षांच्या इभ्रतीचा निकाल लागणार होता. मला धडधडायला छाती नाही म्हणून बरे.

"ससे कुणी सोलले?"

"मी."

"हात कशानं धुतले?"

"पाण्यानं."

"नुसत्या?"

"विजारीला पुसलेही."

"हा घेतला होता?" तिने मला वर धरले.

"नाही."

"मग तिनं बिचारीनं काय ओळखायचं? सशाचा वास घेऊन ससा आला, तिनं धरला. मी असते तर मीही धरला असता." ती उठली. "ती राहील. पण खोलीला कुलूप, आणि किल्ली माझ्याकडे. आणि फिक्री, यापुढे तुला मसुराची आमटी."

तेव्हापासून माझ्या खिळ्याखाली एक साबणदाणी ठोकली गेली आहे. वगीह आत जायला निघाला की इन्साफ म्हणते, "हात." तो निमूटपणे दोन्ही हात पुढे करतो. ती नाक लावून वास घेते, आणि मगच मला त्याच्या हातात देते. साठीचा उस्ता शाळकरी पोरासारखा उभा असतो, पण कुरकुरत नाही.

मित्रांनो, मोठ्या जिवाला घरात आणलेत तर त्याला रोज नव्याने विचारून जवळ जा. त्याने वर्षानुवर्षे काही केले नाही, ते तुमच्या या विचारण्याच्या सवयीमुळे. म्हणून ती सवय मोडू नका. आणि आमच्यासारख्या जुन्या वस्तू खिळ्यावर टांगल्या असतील, तर त्या कशासाठी टांगल्या आहेत ते विसरू नका.

एवढे सांगून थांबणार होतो, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वगीहचा हात पट्टीत होता, तेव्हा हानिमचे पाणी कुणीतरी बदलायला हवे होते. त्याला दारात उभे करून इन्साफनेच मला उचलले. आधी साबणाने हात धुतले, स्वतःच्याच हातांचा वास घेतला आणि बिचकत आत गेली. तिने माझ्या टोकाने हानिमला दोनदा हलकेच शिवले. हानिमने जीभ काढली, मान मागे घेतली आणि वाट दिली.

"बघ," इन्साफ दाराकडे वळून म्हणाली, "नीट विचारलं की ऐकते. तुझ्यापेक्षा बरी आहे."