डूख धरलेले शीड

मित्रांनो, मी एक जुने, फाटलेले शीड आहे. शिडांच्या गोष्टीत वारा असतो, लाटा असतात, पांढरे पक्षी असतात. माझ्याही गोष्टीत वारा आहे, पण तो नंतर येतो. आधी येतो एक माणूस. त्या माणसाचे वाटोळे करायचे मी ठरवले होते. ते का, कसे आणि शेवटी काय झाले, हेच मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म बंदरामागच्या गल्लीत, एका लांबलचक माळ्यावर झाला. तिथे शिडे शिवणारी एक बाई काम करत असे. ती कुणाचीच मावशी नव्हती, पण सगळे बंदर तिला मावशी म्हणायचे. माळ्याच्या लाकडी फरशीवर तिने खडूने माझे माप आखले. गुडघ्यांना जुन्या उशा बांधून ती माझ्यावर रांगायची. तिचे शिलाईचे मशीन फरशीतल्या खड्ड्यात बसवलेले होते, म्हणजे कापड कितीही लांब असले तरी ते कुठे लोंबकळायचे नाही. सहा पट्टे जोडून तिने मला शिवले. प्रत्येक जोडावर दुहेरी नागमोडी शिवण घातली, कोपऱ्यांत पितळी कड्या ठोकल्या आणि शेवटचा दोरा दाताने तोडून म्हणाली, "घ्या गुरुजी. नीट वापरलंत तर तुमच्या मुलीलाही पुरेल."

गुरुजी म्हणजे शाळेत भूगोल शिकवणारे एक सडपातळ गृहस्थ. त्यांना आणि त्यांच्या धाकट्या भावाला होड्यांचे भारी वेड. दोघांनी एकाच शेडमध्ये, एकाच मापाच्या, एकसारख्या दोन लहान होड्या बांधल्या होत्या. त्यातल्या थोरल्या भावाच्या होडीवर मी चढले.

गुरुजींनी मला फुलासारखे जपले. होडी धक्क्याला लागली की ते मला आधी उतरवायचे, मग गोड्या पाण्याने माझ्यातले मीठ धुऊन काढायचे, सावलीत वाळवायचे आणि घडी घालायचे. घडी दर वेळी वेगळ्या ठिकाणी. "एकाच जागी मोडलं तर तिथेच कापड मरतं," असे ते मुलीला सांगायचे. मुलगी लक्ष देऊन ऐकायची. लोक धक्क्यावर उभे राहून माझ्याकडे बोट दाखवत आणि म्हणत, "शीड असावं तर असं. एक सुरकुती नाही." मला तेव्हा वाटायचे, जगात सगळी माणसे अशीच असतात.

गुरुजी गेले. होडी मुलीकडे आली. तिला सगळे ताई म्हणत. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि सुट्टीच्या दिवशी मला घेऊन पाण्यावर जायची. वडिलांनी शिकवले होते तसेच धुवायची, तसेच वाळवायची. आमचे उत्तम चालले होते.

दुसरी होडी धाकट्या भावाच्या मुलाकडे गेली. तो ताईहून मोठा, म्हणून ती त्याला दादा म्हणायची. दादा गाड्यांचे सुटे भाग विकायचा आणि बोलण्यात असा पटाईत की समोरच्याला आपण फसलो हे घरी गेल्यावर कळावे. त्याने आपले शीड कधी उतरवलेच नाही. ते बिचारे ऊन खात, पाऊस खात डोलकाठीपाशी गुंडाळलेले पडून असायचे. एके दिवशी त्याने ते उलगडले, तर त्याच्या हातात पापडासारखे तुकडेच आले.

तेव्हा बंदराच्या वार्षिक शर्यतीला तीन आठवडे उरले होते. दादा ताईकडे आला.

"तुझं शीड एक दिवस दे ना. माझं शिवायला टाकलंय. होडीला जरा पाणी दाखवून आणतो."

"दादा, उतरवून धुशील ना?"

"अगं, मी काय परका आहे का?"

मित्रांनो, त्या दिवशी त्याने मला पाण्यावर नेलेच नाही. तो मला घेऊन आपल्या गॅरेजमध्ये गेला, माझ्या सगळ्या शिवणी ओढून पाहिल्या, कापडाला उजेडात धरून पाहिले आणि समाधानाने मान हलवली. मला वाटले, कौतुक करतो आहे. मग त्याने खिशातून ब्लेड काढले आणि माझ्या कडेजवळ वीतभर लांब चीर दिली. अगदी सावकाश, वाकड्या रेषेत. सरळ चीर दिसली असती तर ताईला संशय आला असता ना!

त्या क्षणी मी डूख धरला.

संध्याकाळी त्याने मला ताईच्या ओट्यावर पसरले. "बघ, नुसत्या वाऱ्याने गेलं. कापड आतून कुजलंय. नशीब, मी होतो. तू एकटी असतीस तर काय झालं असतं?"

ताईने चिरेवरून बोट फिरवले. दिवसभर दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्या त्या मुलीला ब्लेडची धार दिसली नाही. ती एवढेच म्हणाली, "बाबांचं होतं."

"म्हणून तर मलाही वाईट वाटतंय. मी नेऊन टाकतो कुठेतरी, तुझ्याच्याने व्हायचं नाही."

आणि तिने मला त्याच्या हाती दिले. खरे सांगते, तेव्हा मला ताईचाही राग आला. इतकी वर्षे मी तिला सांभाळले, आणि तिने माझ्यापेक्षा त्याच्या जिभेवर विश्वास ठेवला.

पुढचे मला नंतर कळले. ताई नव्या शिडासाठी मावशीच्या माळ्यावर गेली होती. मावशी म्हणाली, "आत्ता हंगाम आहे, आत्ता सगळं महाग. दोन महिने थांब. मोठ्या बोटींची जुनी शिडं येतात माझ्याकडे. कडा झिजलेल्या असतात, पण मधलं कापड खणखणीत. त्यातून तुझ्या मापाचं कापून देईन. तुला झेपेल आणि टिकेलही." पण ताईला शर्यत चुकवायची नव्हती. वडील होते तेव्हापासून त्यांच्या होडीने एकही शर्यत चुकवली नव्हती. दादाने हेच हेरले. "माझ्या ओळखीत एक जण आहे. नवंकोरं, निम्म्या भावात, आठ दिवसांत," तो म्हणाला. ताईने मोजपट्टीने डोलकाठीची उंची घेतली, आडव्या काठीची लांबी घेतली आणि माप त्याच्याकडे दिले.

ते नवेकोरे शीड मी गॅरेजमध्ये पाहिले. ते सामानावर झाकायच्या ताडपत्रीहून थोडे बरे होते, इतकेच. एकेरी शिवण, पत्र्याच्या कड्या. पण त्या बापड्याचा काय दोष? त्याला ज्याने जसे शिवले तसे ते झाले होते. आता माझा राग फक्त एका माणसावर उरला होता.

त्याच्या घरात एक चांगले माणूस होते, त्याची बायको. ती एका मोठ्या लाँड्रीत रफूचे काम करायची. कोटाला पडलेले भोक ती असे बुजवायची की मालकालाही सापडू नये. ताई तिला वहिनी म्हणायची आणि मनापासून म्हणायची. दादाने वहिनीला सांगितले, "ताईने नवं शीड घेतलंय. हे जुनं आपल्याला देऊन टाकलं. जरा शिवून दे."

वहिनीने मला जेवणाच्या टेबलावर घेतले. चार संध्याकाळी ती माझ्या चिरेवर वाकून बसली. एकेक धागा दुसऱ्याच्या खालून, वरून. मधेच थांबून ती म्हणाली, "अहो, हे फाटलेलं वाटत नाही. कापलेलं वाटतंय."

"तुला कोटातलं कळतं, शिडातलं नाही," तो टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला.

तिने पुन्हा सुई उचलली. पण तिचा हात माझ्यावर एकदा हलकेच फिरला, जसा तापलेल्या मुलाच्या कपाळावर फिरतो. गुरुजींनंतर इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी दादाने माझ्यावर आडवा निळा पट्टा रंगवला. आता ताईला मी लांबून ओळखू येणार नव्हते.

शर्यतीच्या दिवशी वारा छान होता. होडीत दोन माणसे हवीत असा नियम होता. दादाने वहिनीला बसवले. तिला पाण्याची भीती वाटायची. "तुला काही करायचं नाही, वजन म्हणून बस," तो म्हणाला. पाण्यात तरंगणाऱ्या लाल बोयाला तीन फेऱ्या मारून दगडी भिंतीच्या आतून बंदरात यायचे होते. ताई एका मैत्रिणीबरोबर शेवटून दुसरी होती. तिच्या नव्या शिडाला पहिल्याच झोतात पोट सुटले होते. ते वारा धरायचे कमी आणि फडफडायचे जास्त. दादा तिला ओलांडताना ओरडला, "ताई, सवय झाली की चालेल गं!" आणि हसला.

त्याच्या होडीला मीच पुढे नेत होते. मित्रांनो, शिडाला वारा लागला की त्याला फुगावेच लागते. पण तिसऱ्या फेरीनंतर आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो, भिंतीवर लोक टाळ्या वाजवत होते आणि दादाने एक हात वर केला. तेव्हाच मागून वाऱ्याचा जोरदार झोत आला. मी सगळा वारा पोटात घेतला आणि मनाशी म्हटले, आता.

वहिनीचे रफू मी सुटू दिले नाही. ते सुटणारही नव्हते. मी माझीच शिवण सोडली, तिसऱ्या आणि चौथ्या पट्ट्यामधली, वरपासून खालपर्यंत. असा आवाज झाला की भिंतीवरच्या टाळ्या थांबल्या. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! त्याचा वर केलेला हात तसाच राहिला होता आणि तोंड उघडे पडले होते. बघ म्हटले, आता जिभेने होडी चालव.

होडी आडवी झाली आणि लाटांबरोबर भिंतीकडे सरकू लागली.

"हात लाव!" तो वहिनीवर ओरडला. "अगं, भिंतीला हात लाव, रंग जाईल होडीचा!"

घाबरलेल्या वहिनीने उजवा हात पुढे केला. होडी वर उचलली गेली आणि भिंतीवर आदळली. मधे तिचे मनगट होते.

ती ओरडली नाही. एक बारीक आवाज आला तिच्या तोंडून, सुई बोटात घुसल्यावर येतो तसा. मी दोन तुकडे होऊन वर लोंबत होते आणि खाली बघत होते. माझा आनंद कुठे गेला, मला कळलेच नाही.

बाकीच्या होड्या पुढे निघून गेल्या. ताईने मात्र आपले शीड खाली टाकले, होडी वळवली आणि वल्ही मारत आली. दोर फेकून तिने आम्हाला भिंतीपासून ओढून घेतले आणि स्वतः दादाच्या होडीत उतरली. वहिनीचा हात मनगटापाशी भलत्याच कोनात वळला होता. बांधायला काही हवे होते. ताईने चाकू काढला आणि माझी एक लांब पट्टी कापली. ती मानेमागून घेऊन तिने वहिनीचा हात झोळीत घेतला.

"ताई," वहिनी पांढऱ्या ओठांनी म्हणाली, "रागावू नका हं. तुम्ही एवढं चांगलं शीड दिलंत आम्हाला, आणि बघा काय झालं. पण माझी शिवण नाही सुटली. ती कापलेली जागा अजून तशीच आहे, बघा."

"मी दिलं?" ताई म्हणाली. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. पितळी कड्यांकडे पाहिले. दुहेरी नागमोडी शिवणीकडे पाहिले. "कापलेली जागा?"

दादा सुकाणू धरून बसला होता. तो वाकून होडीचा खरवडलेला रंग पाहू लागला.

 धक्क्याला लागेपर्यंत ताई वहिनीला धरून बसली. डॉक्टरकडे तीच घेऊन गेली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या दारात ते नवेकोरे, निम्म्या भावातले शीड येऊन पडले. वर चिठ्ठी होती: "हे तुझं. माझं माझ्याकडे आहे." त्या वर्षापासून दादा त्याच शिडावर होडी चालवतो. प्रत्येक शर्यतीत शेवटचा येतो. लोक हसतात. ते ऐकून मला अजूनही बरे वाटते, खोटे कशाला बोलू?

ताईने उरलेले मला मावशीकडे नेले. मावशीने कापड दोन्ही हातांनी ताणले, वास घेतला, रफू पाहिले. "हे कुणी केलं? सोन्याचा हात आहे," ती म्हणाली. मग माझी उसवलेली शिवण पाहून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे अजून पाच वर्षं गेलं असतं. असं अचानक का सुटलं, काही कळत नाही बाई."

मला कळत होते.

दोन महिन्यांनी, ठरल्याप्रमाणे, मावशीने मोठ्या बोटीच्या जुन्या कापडातून ताईसाठी नवे शीड कापले. ते ताईला झेपले आणि ते सुंदर आहे. मला त्याचा हेवा वाटत नाही.

माझी कापलेली पट्टी सहा आठवडे वहिनीच्या गळ्यात होती. तो हात माझ्यामुळे मोडला होता आणि मीच तो सांभाळत होते. त्या सहा आठवड्यांत दादाने भात करपवला, कपडे धुतले, भांडी फोडली. वहिनी खुर्चीत बसून पाहायची. एकदा ती त्याला शांतपणे म्हणाली, "शिडाचं सोडा. मला रंग वाचवायला हात घालायला लावलात, ते मी विसरणार नाही." तो मान खाली घालून भांडी विसळत राहिला. प्लास्टर निघाले, हाड जुळले. पण तिच्या अंगठ्याला सुईचे टोक पूर्वीसारखे जाणवत नाही. लाँड्रीत आता तिला बटणांचे काम देतात.

मित्रांनो, तुमच्या घरात होडी नसेल, पण तुमच्यासाठी राबणारे काहीतरी नक्की असेल. ते धुवा, वाळवा, सावलीत ठेवा. ते थकले असेल तर त्याला निरोप द्या आणि नवे घ्या, स्वस्तातले घ्या, पण पाहून घ्या. धडधाकट वस्तूला वाईट ठरवून तिच्यावर ब्लेड मात्र चालवू नका. आम्हाला बोलता येत नाही, पण सूड घेता येतो. आणि तो घेताना आमचा नेम फार चुकतो.