पुट्टीखालचा नंबर

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. वय विचारू नका. माझ्या बरोबरीच्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या, एवढं सांगितलं तरी पुरे. सध्या माझा मुक्काम दोन देशांच्या सीमेवर, चौकीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. इथे मी कशी येऊन पडले, ते कुणीतरी ऐकून घ्यावं असं फार वाटतं हो.

मला दोन भावांनी मिळून घेतलं. थोरला चालवायचा, धाकटा मागे बसायचा. थोरल्याची एक खोड होती. आधी टाकीवर दोनदा थाप मारायची, "चल गं बाई" म्हणायचं आणि मगच किक. मीही काही कमी नव्हते. चालू होताना दोनदा खोकायची आणि मग एकदम सूर धरायची. "आली बघा दोघा भावांची म्हातारी," असं गल्लीतले लोक म्हणायचे. तेव्हा मी नवीकोरी होते, तरीसुद्धा!

पुढे थोरला कामासाठी सीमेपलीकडच्या देशात गेला आणि तिकडचाच झाला. धाकट्याने मला सांभाळलं. त्याची लेक माझ्या टाकीवर बसून शाळेत गेली. मग धाकट्याचे गुडघे कुरकुरायला लागले, तशी मी कोपऱ्यात गेले. माझ्या हँडलवर ओले टॉवेल वाळू लागले, छत्र्या लटकू लागल्या. असो. तक्रार करून काय मिळतं?

एक दिवस थोरल्याचा फोन आला. त्याची नजर पूर्ण गेली होती आणि प्रवास त्याला झेपणार नव्हता. तो म्हणाला, "एकदा ये रे. पण आपल्या गाडीवरच ये. तुझं तोंड काही मला दिसायचं नाही. दारात गाडीचा आवाज आला, की समजेन, आलास."

धाकटा पंचाहत्तरीचा. पण लेक म्हणाली, "बाबा, मी नेते तुम्हाला." ती गाड्यांना रंग देणाऱ्या गॅरेजात काम करते आणि तिच्या हाताला तोड नाही. गिऱ्हाइकाची गाडी घेतली, की सांगाड्यावर ठोकलेल्या नंबरावर आधी चिकटपट्टी लावायची, हा तिचा शिरस्ता. त्यात ती कधी चुकली नाही. पण मी पडले घरची! बाबांची गाडी नव्यासारखी दिसली पाहिजे, या ध्यासात तिने हँडलखालचा, माझ्या मानेवरचा, म्हणजे नंबर ठोकलेल्या जागेचाच गंज ग्राइंडरने घासला, खड्डे पुट्टीने भरले आणि वर रंगाचे तीन हात चढवले. पट्टी लावायची राहूनच गेली. माझा नंबर जात होता, मला कळत होतं आणि मला साधं 'थांब' म्हणता येत नव्हतं. नंतर लख्ख चमकले तेव्हा मीही फुशारले, खोटं कशाला सांगू?

पंधरा दिवस आम्ही चाललो. चढावर मी धापा टाकू लागले, की धाकटा मागून हात लांबवून टाकीवर थाप मारायचा. सीमा दिसली, तेव्हा त्याने हेल्मेट काढून केस विंचरले. भावाला ते दिसणार नव्हते, तरी विंचरले.

चौकीतला साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने पासपोर्टांवर शिक्के मारले, माझे कागद घेऊन बाहेर आला आणि वाकून माझी मान पाहिली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

"ताई, सांगाड्यावरचा नंबर कुठे आहे?"

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पॉलिश पेपर काढला आणि आपणच दिलेला रंग आपल्या हातांनी खरवडायला बसली. सुरुवातीचे आकडे उमटले. शेवटच्या तीन आकड्यांच्या जागी नुसतं गुळगुळीत लोखंड निघालं.

"मला पाठ आहे सगळा," धाकटा म्हणाला आणि त्याने नंबर घडाघडा म्हणून दाखवला. एक आकडा चुकला नाही.

"आजोबा, तुम्हाला पाठ असून मी काय करू? तो गाडीवर हवा ना! इंजिनाचा जुळतोय, पण इंजिन बदलता येतं. ही गाडी सोडली तर माझी नोकरी जाईल. तुम्ही दोघं खुशाल जा. गाडी तपासणी होईपर्यंत इथेच राहील."

"किती दिवस?"

"ते वरून कळवतात."

मित्रांनो, नंबर मलाही पाठ होता. पण मी सांगणार कशी?

"माझ्याच हातांनी घात केला हो, बाबा," म्हणून लेक रडू लागली. धाकट्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग साहेबाकडे दोन मिनिटं मागून घेतली, भावाला फोन लावला आणि फोन माझ्या सायलेन्सरजवळ धरला. आधी आवाज ऐकवावा, मग खरं काय ते सांगावं, असा त्याचा बेत होता. लेकीने किक मारली. मी दोनदा खोकले आणि सूर धरला.

पलीकडून थोरला ओरडलाच. "आला! अगं, धाकटा आला! दार उघडा कुणीतरी!"

"दादा, अरे, ऐक तरी..."

पण फोन तिकडे ठेवून थोरला केव्हाच उठला होता. खुर्ची सरकली, काठी आपटली, कडी निघाली, सगळं आम्हाला ऐकू आलं. मी आपली धडधडतच होते. मला थोडंच आपलं आपण बंद होता येतं? शेवटी लेकीने चावी फिरवली.

ती दोघं बसने पुढे गेली. चावी धाकट्याने खिशात ठेवली. माझ्या सीटवर आता बोटभर धूळ आहे आणि वरून अजून काही कळवलेलं नाही.

मित्रांनो, आपल्या माणसाची वस्तू घासताना, रंगवताना जरा थांबा. तिच्या अंगावर काय लिहिलंय ते आधी वाचा. वीतभर चिकटपट्टी पुरते हो. त्या दिवशी एक आंधळा म्हातारा दार उघडून उभा राहिला होता. तो तसा किती वेळ उभा राहिला असेल, याचाच मी रोज विचार करते.