ऐनाच्या सालीत बुडवलेली पँट

माझे दोन पाय सारखे नाहीत, मित्रांनो. डावा सैल आहे आणि उजवा नडगीपाशी एकदम आवळलेला. पाहणाऱ्याला वाटतं, शिंप्याची कात्री चुकली असणार. ती चुकली नव्हती. मी एक जुनी पँट आहे, जाड सुती ड्रिलची, आणि भर पावसात, चिखलातून सायकल चालवता यावी म्हणून मला मुद्दाम तसं बेतलं होतं.

माझा जन्म बोईसरला, बन्सी शिंप्याच्या दुकानात झाला. सत्तरचं दशक संपत आलं होतं. नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यांच्या फाटकांवरच्या पहारेकऱ्यांचे खाकी कपडे बन्सी शिवत असे. मीही अशाच एका पहारेकऱ्यासाठी शिवली गेले. तो मला न्यायला आलाच नाही. नोकरी सोडून तो आपल्या मुलखात निघून गेला, असं कुणीतरी येऊन सांगितलं. बन्सीने मला खुंटीला अडकवलं आणि मी तिथेच धूळ खात राहिले.

त्या पावसाळ्यात एका दुपारी विजयाबाई दुकानात आल्या. त्या घिवलीच्या मच्छीमाराच्या घरातल्या. नर्सचं शिक्षण घेऊन वाणगावच्या बाजूला एका उपकेंद्रात लागलेल्या. पूर्वेकडे डोंगराखाली जे पाडे होते, तिथे त्या भावाच्या जुन्या सायकलवरून जात. त्यांच्या हाताच्या कोपराला तेव्हा पट्टी बांधलेली होती. पांढऱ्या साडीचा काठ साखळीत गेला होता आणि बाई बांधावरून खाली शेतात पडल्या होत्या. काचेची सिरिंज फुटली ती वेगळीच.

सिरिंज कुणासाठी होती, ते सांगायला हवं. शेवटच्या पाड्यावर नवसी नावाची एक तरुण बाई होती. तिला क्षयाची बाधा झाली होती. तिचं मूल अजून अंगावर पीत होतं. आठवड्यातून दोनदा सुई आणि सुईसोबत गोळ्या, हे वर्षभर न चुकता चालायला हवं होतं. औषधात खंड पडला, की उरलेले जंतू तगतात, त्या औषधाला सरावतात, आणि मग तेच औषध त्यांच्यापुढे काही करू शकत नाही. नवसीला पाड्यावरून उपकेंद्रापर्यंत चालत यायचा दम नव्हता. म्हणजे बाईंनाच जायला हवं होतं, आणि पावसाळा तर नुकताच लागला होता.

बाईंनी आधी भावाची टेरिकॉटची बेलबॉटम घालून पाहिली होती. तिच्या घेरदार मोहऱ्यांत चिखल भरे आणि साखळी त्या चावून काढी. मग प्लास्टिकची पावसाळी पँट आणली. तिच्यातून बाहेरचा थेंब आत येत नसे, पण आतला घामही बाहेर जात नसे. पाड्यावर पोचेपर्यंत बाई आतून भिजलेल्या असत. करवंदीच्या जाळीने तिला दुसऱ्याच फेरीत फाडलं.

बाईंनी मला खुंटीवरून काढलं, माझं कापड चिमटीत धरून उजेडाकडे नेलं.

“हे पाणी पितं, बाई,” बन्सी म्हणाला. “मी आधीच सांगतो. मागाहून माझ्या नावाने बोंब नको.”

“पिऊ दे,” बाई म्हणाल्या. “सुती धागा भिजला की फुगतो, विणीतली भोकं बुजतात. वारा लागणार नाही. आणि घासून फाटणार नाही. पाण्याने वाढणाऱ्या वजनाचं काय करायचं ते आपण कापून करू.”

मग त्यांनी खडू मागून घेतला आणि माझ्यावर स्वतः खुणा केल्या. खालची दुमड काढायची, तिच्यात चिखल साठतो. मागचे खिसे काढायचे आणि ते कापड बसायच्या जागी दुहेरी लावायचं. लांबी घोट्याच्या वर. उजवा पाय साखळीच्या बाजूचा, तो अरुंद करून नडगीला बटणं. डावा मोकळा राहू दे, पाय टाकून उतरताना गुडघा वाकला पाहिजे.

बन्सीने मान हलवली. “बरं आहे. लोक विचारतील, हे कुणी शिवलं? तर बोईसरचं नाव घेऊ नका. पालघरचा शिंपी म्हणून सांगा.”

मित्रांनो, पहिल्याच दिवशी मला कळलं, की माझा जन्म ह्याच कामासाठी होता. वाटेवर चाकं रुतत होती, बाई उतरून सायकल ढकलत होत्या, पुन्हा बसत होत्या. माझ्यावर चिखलाचा थर चढला, पण साखळीने मला शिवलंसुद्धा नाही. काटे माझ्यावरून घसरून गेले. बाईंनी साडी पिशवीत कोरडी ठेवली होती. पाड्यावर पोचल्यावर नेसायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

आणि पाड्यावर माणूस नव्हतं.

चुलींतून धूर येत होता. एका घरात भाकर तव्यावर करपत होती. कोंबड्या अंगणात टिपत होत्या. बाईंनी हाका मारल्या, नवसीचं नाव घेतलं. ओसरीवर बराच वेळ थांबल्या. सगळे लावणीला गेले असतील, असा विचार करून त्या परतल्या. नवसीची सुई चुकली.

पुढच्या फेरीला पुन्हा तेच. ह्या वेळी मात्र एक माणूस मागे राहिलं होतं. नवसीची सासू, बायडी. तिचे गुडघे धरले होते आणि तिला पळता आलं नव्हतं. ती भिंतीला पाठ लावून बसली होती आणि तिची नजर माझ्यावर होती. बाईंच्या तोंडाकडे तिने पाहिलंच नाही.

“सायेब, घरात कोनी नाय,” ती म्हणाली. “आमी झाड तोडलं नाय.”

“बायडी आजी, मी नर्सबाई.”

म्हातारीने डोळे बारीक केले. आवाज ओळखीचा होता, कपडा नव्हता. तिने हात लांब करून माझ्या मोहरीला बोट लावलं आणि मग ती रडायला लागली. हळूहळू बाईंना सगळं समजलं. डोंगराच्या उतारावर ह्या लोकांचे नाचणी-वरईचे तुकडे होते. ती जमीन कुणाची, ह्यावरून तंटा होता आणि जंगलखात्याचा एक खाकी कपड्यातला माणूस येई. मागच्या साली त्याने कोयते नेले होते आणि एका घरचा नांगर. तेव्हापासून बांधावर खाकी दिसली, की पाडा डोंगरात शिरे. कोण आहे ते पाहायला कुणी थांबत नसे.

नवसीही पळाली होती. छातीत दुखणं असलेली बाई, काखेत मूल घेऊन, पावसात चढ चढत गेली होती. ती परतली तेव्हा तिच्या पदरावर रक्त होतं. खोकल्यातून आलेलं.

बाईंनी तिला सुई दिली. परतताना त्यांनी मला अंगातून काढून पिशवीत कोंबलं, साडी वर खोचली आणि सायकल हातात धरून त्या सगळी वाट चालल्या. रात्र पडली आणि बाकीचे पाडे राहून गेले. रोज असं चालत जाणं शक्य नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. मीच उपयोगाची होते आणि मीच आडवी येत होते. एवढं एकच दुःख मी पिशवीच्या तळाशी बसून करत राहिले.

रविवारी बाई मला घिवलीला घेऊन गेल्या. त्यांची आई, गोदूबाई, ओट्यावर सुकं बोंबील निवडत होती. लेकीचं ऐकून तिने मला हातात घेतलं, उलटंपालटं केलं.

“कापड चांगला हाय,” ती म्हणाली. “रंगाचा दोष. मग रंग बदल. त्यात रडायचं काय?”

तुम्हाला ठाऊक नसेल, पण नायलॉनची जाळी यायच्या आधी मच्छीमार सुती जाळी वापरत. खाऱ्या पाण्यात सूत कुजतं. म्हणून ऐनाच्या झाडाची साल उकळून त्या काढ्यात जाळी बुडवत. सालीतलं तुरट द्रव्य धाग्यात मुरलं, की कुज लागत नाही आणि धागा घट्ट होतो. नायलॉन आल्यापासून गोदूबाईचा तांब्याचा मोठा हंडा पालथाच पडला होता. पण वाळलेल्या सालीचं एक ओझं माळ्यावर अजून होतं. तिने ते खाली काढवलं.

दोन दिवस मी त्या काढ्यात होते. उकळलं, मुरू दिलं, वाळवलं आणि पुन्हा बुडवलं. लोखंडाचं भांडं असतं तर मी काळी ठिक्कर पडले असते, कारण लोह आणि ते तुरट द्रव्य एकत्र आलं की काळा रंग होतो. तांब्यात मी तांबूस तपकिरी झाले, जुन्या जाळ्यासारखी. शेजारच्या हिराने कुंपणावर मला वाळताना पाहून विचारलं, की गोदूमावशी, आता ही घालून विजूला मासे धरायचेत की काय. गोदूबाई म्हणाली, “माणसं धरायचीत. ती जास्त पळतात.”

पुढच्या फेरीला बाईंनी मला पुन्हा अंगात चढवलं. शेवटच्या बांधावर त्या सायकलवरून उतरल्या आणि उभ्या राहिल्या. पाड्यात हालचाल दिसली. एक माणूस उठला, डोळ्यांवर हात धरून पाहत राहिला. कुणी पळालं नाही.

बायडीने मला जवळ ओढून वास घेतला.

“ऐन,” ती म्हणाली. तिचा नवरा तरुणपणी हीच साल डोक्यावरून समुद्राकाठी नेऊन विकायचा. “हा आमचा रंग हाय, बाय. तुला कुटं गावला?”

त्यानंतर सुई चुकली नाही. पाऊस कोसळत होता, ओढा दोनदा वाटेवर आला, बाईंनी सायकल खांद्यावर घेऊन तो ओलांडला. डोंगरातल्या तांबड्या चिखलात लोह असतं. ते माझ्या अंगात मुरत गेलं आणि मी फेरीगणिक काळपट होत गेले. नवसीचा ताप उतरला. तिला भूक लागायला लागली.

भाद्रपदातल्या एका फेरीची गोष्ट अजून सांगायची आहे. बाईंनी नवसीच्या चुलीवर सिरिंज उकळायला ठेवली होती. एवढ्यात बांधावर खाकी दिसली. ह्या वेळी खरीच. भांडी जिथल्या तिथे टाकून पाडा उठला. दुखऱ्या गुडघ्यांनी बायडीसुद्धा उठली आणि तिने सुनेचा दंड धरला.

“ऊठ, नवसे.”

नवसीने मूल तिच्या हातात दिलं. “तुमी जा. आज माझी सुई हाय.”

ती ओसरीवरच बसून राहिली. हात तिने मांड्यांखाली दाबून धरले. तो माणूस भिजलेला, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला आला. त्याने विचारलं, सगळे कुठे गेले.

“मी हाय ना,” नवसी म्हणाली. “काय विचारायचं ते मना विचार. पन सुई झाल्यावर.”

त्याने चुलीवरचं भांडं पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग तो पाठ फिरवून अंगणाच्या कडेला, शेताकडे तोंड करून उभा राहिला. सुई देऊन होईपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही. नंतर त्याने प्यायला पाणी मागितलं, ते नवसीने दिलं. त्या दिवशी त्याने काही विचारलं नाही. पुढे तो कधी आला नाही, असं नाही. पण तो आला की नवसी बसलेली असे आणि हळूहळू तिच्याबरोबर आणखी एक-दोघं बसू लागली.

वर्ष पुरं झालं तेव्हा नवसीच्या थुंकीत जंतू सापडले नाहीत. त्या पावसाळ्यात ती लावणीला उतरली.

पुढे रस्ता झाला, जीप आली, आणि माझं काम संपलं. मी माळ्यावर गेले. तिथून खाली आले ती सायकलची साखळी पुसायला. माझ्या गुडघ्यांना भोकं पडली, बटणं कुणीतरी काढून नेली. कुणी हे लक्षात ठेवावं, असं मला वाटायचं. नंतर वाटेनासं झालं.

आता नव्वदचं दशक आहे. परवा बाईंच्या भाचीने, सुगंधाने, सरळ हँडलची, गिअरची सायकल घेतली. पावसात डोंगराकडे जायचं म्हणून तिने आत्याला विचारलं, की चिखलात कोणती पँट बरी. बाई म्हणाल्या, “मोहरी अरुंद घे, दुमड नको. कापडाचं सांगते. पण आधी तू सांग, तिथे कोण राहतं?”

मित्रांनो, चिखल लागलेला कपडा तसाच बोळा करून टाकू नका. चिखल वाळू द्या, झटका, मग धुऊन सावलीत घाला. तो तुमची पुष्कळ वर्षं सोबत करील. आणि कपडा अंगात चढवताना एवढं मनात आणा, की तुम्हाला तो आतून दिसतो आणि बांधापलीकडच्या माणसाला बाहेरून.