सात टाळ्यांचा शब्द

पडेगावच्या अपेक्षाला त्या आठवड्यात एका जागी बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. शब्दांच्या स्पर्धेला शाळेतून एकच जण जाणार होता, ती नाहीतर चिन्मय. इंग्रजी शब्द टाळ्यांनी तोडायचा, उच्चाराच्या एका तुकड्याला एक टाळी. मग तो कशापासून बनलाय ते सांगायचं. झालं! पोरीनं घर डोक्यावर घेतलं. भाजी निवडताना टाळ्या, बसमध्ये टाळ्या. वाळूजच्या कारखान्यातून रात्रपाळी करून येऊन झोपलेले पप्पा उशीखालून ओरडले, "आपे, मच्छर मारायलीस का गं?"

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये निवड होती; आधी चिन्मय. त्याच्या टाळ्या नेमक्या, पण अर्थ सांगताना एक गुण गेला. मग प्रमोदिनी मॅडमनी अपेक्षाची चिठ्ठी उघडली.

"इंडस्ट्रियलायझेशन."

"इन, डस..." दोन टाळ्या होतात न होतात तोच तिचा नववी-बचा वर्ग गणपतीच्या आरतीसारखा साथीला लागला. आरतीची टाळी कधी धीमी राहते का? चढतच जाते! शब्द संपला, टाळ्या संपेनात. अपेक्षाचेही हात त्यांच्यामागं धावले.

"किती झाल्या गं?" मॅडमनी विचारलं.

अपेक्षाच्या टाचा नुसत्या वरखाली. सात म्हटलं की भागलं असतं. त्या गोंधळात मोजलंय कुणी?

"तुकडे सात, मॅडम. टाळ्या माझ्या जास्त पडल्या."

"मग गुण गेला."

"व्हय. पण पुढचं सांगू द्या."

"डस्ट म्हणजे धूळ!" मागून सोनियानं मदत फेकली.

"गप गं! टाळी पडते तिथंच अर्थ तुटतो असं नाय." अपेक्षा सुसाट सुटली. "हा शेवटून सोलायचा. 'एशन' काढा, राहिलं इंडस्ट्रियलाइझ, कारखाने उभे करणं. 'आइझ' काढा, इंडस्ट्रियल, कारखान्यांचं. 'अल' काढा, इंडस्ट्री. संपलं!"

"बरोबरी," मॅडम म्हणाल्या. "आता दोघांना एकेक नवा शब्द."

अपेक्षा वर्गाकडं वळली. "ए, हात मांडीखाली घाला. सगळ्यांनी!"

सगळ्यांनी घातले. चिन्मयनंही घातले.

"तू नको रे येड्या, तुला वाजवायच्यात."

चिन्मय हसला आणि हसण्याच्या नादात एक टाळी खाऊन बसला. अपेक्षानं मात्र आपला शब्द त्या चिडीचूप हॉलमध्ये सावकाश, एकेक तुकडा वेगळा ठेवत तोडला.

नाव तिचं लागलं. मग वर्गाचे हात कुणाला आवरतात!