रिकामा रकाना

ऑफिसात तिला सगळे खुसपटताई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचा रागही येत नसे. खुसपटं काढण्याचाच तर तिला पगार मिळत होता. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम लोकांच्या हातात पडण्याआधी उलटेपालटे करून बघायचे. वय विचारलंय तिथे पत्ता घालायचा, काहीतरी लिहायलाच हवं तिथे मुद्दाम काहीच लिहायचं नाही, एकच बटण सतरा वेळा दाबायचं आणि कुठे मोडतं ते शोधायचं, हे तिचं काम. या कामात तिच्या नाकावर माशी बसायची नाही.

त्या दिवशी सकाळी ती उद्याबघूला फैलावर घेत होती. उद्याबघू म्हणजे शेजारच्या टेबलावरचा प्रोग्रामर. डोक्यानं तल्लख, जिभेनं गोड आणि कामात कायम एक पायरी शिल्लक ठेवणारा. त्यानं एका फॉर्मचे सगळे रकाने आधीच भरून ठेवले होते.

"अहो ताई, चालतंय का एवढंच बघायचं होतं मला," तो म्हणाला. "दर वेळी चाळीस रकाने कोण भरत बसणार? म्हणून सगळीकडे आपलं 'होय' टाकून ठेवलं. नंतर काढणार होतो."

"नंतर म्हणजे कधी, निवृत्त झाल्यावर? उद्या एखादा माणूस काहीही न लिहिता पुढे गेला, तर त्याच्या नावावर चाळीस वेळा 'होय' छापून येईल. तो हो म्हणालाच नव्हता रे! तो गप्प होता. आता गप्प बसणाऱ्या माणसाच्या तोंडी तू..."

आणि ती स्वतःच गप्प झाली.

उद्याबघूनं खुर्ची तिच्याकडे वळवली. एरवी ताईंचं झापणं मधेच थांबत नसे. "ताई, पाणी आणू का?" त्यानं जरा घाबरूनच विचारलं.

ताईला पाणी नको होतं. चार महिन्यांपूर्वी तिनं स्वतःच्या हातानं नेमकं हेच केलं होतं, तेही दुसऱ्या कोणासाठी नाही, आपल्या वडिलांसाठी.

तिचे वडील घरं तपासत. कोणी जुनं घर विकत घेणार असलं की सही करण्याआधी त्यांना बोलावत. हातात टॉर्च, खिशात स्क्रूड्रायव्हर आणि छोटा आरसा. भिंतीवर बोटं वाजवत, नळाखाली पालथे पडून, माळ्यावर रांगत ते अख्खं घर पालथं घालायचे आणि मग कागदावर लिहायचे. ते तीनच शब्द वापरत: ठीक, ठीक नाही, आणि पाहिलं नाही. तिसऱ्याचा त्यांना भारी अभिमान होता. "जे मी डोळ्यांनी बघितलं नाही त्याला ठीक म्हणणार नाही, मग घर माझ्या व्याह्यांचं का असेना," असं ते म्हणत. अक्षर मात्र असं, की वाचायला त्यांनाच बोलवावं लागे. म्हणून लेकीनं त्यांच्यासाठी टॅबलेटवर फॉर्म करून दिला. शहाऐंशी रकाने. बोट लावलं की ठीक किंवा ठीक नाही. जे बघता आलं नाही ते रिकामं सोडायचं, आणि छापताना तिथे आपोआप 'पाहिलं नाही' यायला हवं.

यायला हवं! पहिल्या दिवशी छापील कागद कसा दिसतो ते बघायची तिला घाई झाली होती. शहाऐंशी रकाने भरायचा कंटाळा आला, म्हणून तिनं सगळीकडे 'ठीक' टाकून ठेवलं होतं. नंतर काढणार होती. टाकल्याचं तिला स्वच्छ आठवत होतं. काढल्याचं काही केल्या आठवत नव्हतं.

तिनं वडिलांना फोन लावला. बंद. कुणाच्या तरी छपराखाली रांगत असणार. अशा वेळी ते फोन बंदच ठेवत. साहेबांना काहीतरी सांगून ती निघाली. टॅक्सीत बसल्यावर लक्षात आलं की डबा, छत्री, स्वेटर, सगळं टेबलावरच राहिलंय. बाहेर हवा चांगलीच गार होती, पण तिला घाम फुटला होता. सिग्नलला गाडी थांबली की तिला ड्रायव्हरचा राग यायचा, आणि सुटली की घरी पोचायची भीती वाटायची.

घरात शिरल्या शिरल्या तिनं चपलाही न काढता कंप्यूटर चालू केला. नवा फॉर्म उघडला, एकाही रकान्याला हात न लावता छापला. प्रिंटरमधून कागद सावकाश बाहेर आला. छप्पर ठीक. जिना ठीक. विजेचा बोर्ड ठीक. नसलेल्या घराच्या शहाऐंशीच्या शहाऐंशी गोष्टी ठीक होत्या.

वडील जेवायला घरी आले तेव्हा ती तो कागद हातात धरून दारातच उभी होती.

"बाबा, तुम्ही छापलेला रिपोर्ट द्यायच्या आधी वाचता का?"

"वाचायचं काय त्यात? तू केलायस ना," ते बूट सोडत म्हणाले.

जगातल्या एकाही गवंड्यावर, प्लंबरवर किंवा घरमालकावर ज्यानं कधी विश्वास टाकला नाही, त्या माणसानं आयुष्यात एकीवरच डोळे मिटून विश्वास टाकला होता. ताईला वाटलं, आता जमिनीनं पोटात घ्यावं. तिनं कागद पुढे केला आणि सगळं सांगितलं. वडील एक बूट पायात, एक हातात, असे खुर्चीवर बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मी काय काय रिकामं सोडलं होतं, ते त्या यंत्रात दिसतं का?"

"नाही. सगळ्यावर ठीकच लिहिलंय."

मग ते उठले आणि कपाटातल्या स्वेटरांच्या खालून एक वही काढून घेऊन आले. ही वही टाकून द्या, आता तिची गरज नाही, असं ताईनं त्यांना चारदा बजावलं होतं. "तू रागावशील म्हणून बोललो नाही," ते ओशाळून म्हणाले. "पण पेन हातात असल्याशिवाय मला नीट दिसत नाही."

चार महिन्यांत एक्केचाळीस घरं झाली होती. ज्या गोष्टी बघता आल्या नव्हत्या त्यांच्यापुढे वहीत फुली होती. वडील वाचत गेले, ती टिपत गेली. माळ्याची मागची बाजू, सामान ठासून भरलेलं, फुली. मोठ्या कपाटामागची भिंत, फुली. अशी अकरा घरं निघाली; धोक्याचं त्यात काही नव्हतं. ती जरा श्वास घेणार तेवढ्यात वडिलांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"गिझरचं कपाट. कुलूप. किल्ली मालकाकडे, मालक परगावी."

"गॅसचा गिझर?"

"गॅसचा. आणि कपाट बेडरूमला लागून." वडील म्हणाले. "मी घेणाऱ्याला म्हटलं होतं, रिपोर्टमध्ये राहिलेलं लिहिलेलं असेल, ते राहायला जायच्या आधी दाखवून घ्या."

रिपोर्टमध्ये काय लिहिलं होतं ते आता दोघांनाही ठाऊक होतं. असा कपाटातला मोठा गिझर पाणी गरम ठेवायला दिवसभर पेटत राहतो, आणि त्याचा धूर एका पाइपातून घराबाहेर जातो. तो पाइप सुटला तर जे बाहेर जायचं ते घरातच साठतं. त्यातल्या विषारी वायूला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते, आणि खिडक्या घट्ट लावून झोपलेलं माणूस उठतच नाही. त्या घरात लोक राहायला येऊन तीन महिने झाले होते, आणि थंडीमुळे सगळं गाव खिडक्या लावून बसलं होतं.

रिपोर्टवर घर घेणाऱ्याचा नंबर होता. ताईनं फोन केला. तो कामावर होता आणि वैतागलेला होता. "अहो, तुमच्याच रिपोर्टमध्ये ठीक आहे म्हणून लिहिलंय ना?"

"ते चुकीचं आहे. घरी कोण आहे आत्ता?"

"बायको आहे, मुलगी आहे. झोपल्या असतील. हल्ली ती दिवसासुद्धा झोपते."

"त्यांना उठवा! खिडक्या उघडून बाहेर जायला सांगा. लगेच!"

पाच मिनिटांनी त्याचाच फोन आला. आता आवाजातला वैताग गेला होता. बायको फोन उचलत नव्हती. तो निघाला होता, पण त्याला तासभर लागणार होता. हे दोघं वीस मिनिटांच्या अंतरावर होते.

वडील गाडी चालवत होते, आणि नेहमीसारखीच चालवत होते. ताई सीटच्या टोकाला बसून त्यानं दिलेल्या बायकोच्या नंबरावर दर मिनिटाला फोन लावत होती. रिंग वाजत राहायची आणि बंद पडायची.

"बाबा, जरा दामटा ना!"

"दामटून कुठे आदळलो, तर तिथे जाणार कोण?" ते म्हणाले. पण स्टिअरिंगवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती.

तीन मजले ती धावत चढली. बेल वाजवली. आत काही हललं नाही. पुन्हा वाजवली, दारावर थापा मारल्या, मग बेलवरचं बोट काढलंच नाही. वडील धापा टाकत वर पोचले तेव्हा ती रडत होती आणि ते तिला कळतही नव्हतं.

आत कडी वाजली. दार उघडलं. दारात तिशीतली एक बाई उभी होती. केस विस्कटलेले, डोळे अर्धवट मिटलेले, खांद्यावर वर्षाची मुलगी किरकिरत होती. "कोण पाहिजे?" तिनं जड जिभेनं विचारलं.

"आधी बाहेर या," वडील म्हणाले. "बाळाला घेऊन, आहात तशा." त्यांनी तिला जिन्यावर आणलं, मग दम रोखून आत गेले आणि खिडक्या धडाधड उघडत सुटले.

ताईनं जिन्यातली खिडकी उघडली आणि त्या दोघींना तिच्यापाशी बसवलं. काय झालं असावं ते सांगितलं. ती बाई गार वारा तोंडावर घेत ऐकत राहिली, आणि हळूहळू तिच्या डोळ्यांत जाग आली.

"म्हणजे माझं डोकं खरंच दुखत होतं?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तीन महिने दुखतंय. बाहेर गेले की थांबतं, घरात आले की सुरू. सासूबाई म्हणतात, काम दिसलं की हिचं डोकं उठतं. ह्यांनी तर तो कागदच पुढे केला. घर तपासून घेतलंय, हे बघ, सगळं ठीक आहे. मी पण बघितला हो. गिझरपुढे ठीक लिहिलं होतं. मग मलाच वाटायला लागलं, मीच आळशी आहे, मीच नाटकं करते." तिनं ताईचा हात धरला. "फार उपकार झाले ताई. तुम्ही कुठून धावत आलात!"

शिव्या खायची ताईची तयारी होती. हे मात्र तिला सोसवेना.

"माझे आभार मानू नका," ती म्हणाली. "बाबांनी ते कपाट पाहिलंच नव्हतं, आणि पाहिलं असं ते म्हणालेही नव्हते. त्या कागदावरचा ठीक माझा आहे. फॉर्म मी केला आणि तो नीट तपासला नाही. तपासणं हेच माझं काम आहे. दुसऱ्यांना मी त्यावरून फाडून खाते. आणि घरचंच काम मी तपासलं नाही."

त्या बाईनं तिचा हात सोडला. मुलीला घट्ट छातीशी धरलं.

"हिला रोज दुपारी मी त्याच खोलीत निजवते," ती म्हणाली. "तिथे छान झोपते म्हणून."

वडील कोपरापर्यंत काळे झालेले हात घेऊन बाहेर आले. कपाटाला आता कुलूप नव्हतं; आत पाइप सांध्यातून दोन बोटं निसटला होता आणि मागची भिंत काजळीनं माखली होती. त्यांनी गॅस बंद केला होता. "चला, दवाखान्यात," ते म्हणाले. "दोघींनाही दाखवायचं. तुमच्या यजमानांना तिकडेच बोलावू."

ती बाई उठली, पण पायरी उतरली नाही. "काका, हे मला लिहून द्याल?"

"काय लिहू?"

"की पाइप सुटला होता. की माझं डोकं खरंच दुखत होतं."

"पाइपाचं आत्ता देतो. डोक्याचं डॉक्टर देतील," वडील म्हणाले आणि आपल्या हातांकडे बघून लेकीकडे वळले. "तू लिही. गाडीत लिही."

खिडक्या खाली करून गाडी निघाली. ताई मागच्या सीटवर, वही मांडीवर, शेजारी ती बाई आणि मुलगी. मुलगी आता वाऱ्यानं गालावर येणाऱ्या केसांशी झटत होती.

"कोणाच्या नावे लिहू?" ताईनं विचारलं.

"सासूबाईंच्या. आणि अक्षर मोठं काढा."

ताईनं लिहिलं. तारीख, वेळ, गिझर, पाइप, काजळी. आधीच्या रिपोर्टमध्ये तांत्रिक चुकीमुळे ठीक असं छापलं गेलं होतं. खाली सही केली आणि पान फाडून दिलं.

ती बाई एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत गेली. वाचून झाल्यावर तिनं पान परत ताईच्या मांडीवर ठेवलं.

"तांत्रिक चूक लिहिलंय तुम्ही," ती म्हणाली. "ते खोडा. मघाशी जिन्यात मला जसं सांगितलंत, तसं लिहा."

समोरच्या आरशात वडिलांचे डोळे क्षणभर वर आले आणि पुन्हा रस्त्याकडे गेले. ताईनं ती ओळ खोडली. गाडी हलत होती, अक्षर वाकडं येत होतं, पण तिनं एकेक शब्द सुटा आणि मोठा काढला. ते काम माझं होतं. मी तपासलं नाही.

त्या बाईनं ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग पानाची घडी घालून स्वेटरच्या खिशात ठेवली, आणि दवाखाना आल्यावर मुलीला खांद्यावर घेऊन कोणाचाही आधार न घेता आत गेली.