यंत्र उठेना

बारा खटके. वर, वर, खाली.

सिद्धेश्वर धरणाचं पाणी, कालव्याच्या दारापाशी अडलेलं.

शहात्तर सालची दिवाळी तोंडावर.

हट्टा गावी, घरच्या पाळण्यात अंगावरचं लेकरू.

कचेरीसमोर नाशिकचा ट्रक.

निर्मलाबाईंनी शेवटचा खटका पाडला आणि कागदी पट्टी सोडली. पट्टी सुळकन सरकली. दिवे लुकलुकले आणि पुन्हा तिथेच थिजले.

पाणीपाळ्यांचे हिशेब करणारा हा संगणक मुंबईच्या कुठल्याशा संस्थेने टाकून दिलेला, नाशिकच्या मोठ्या कचेरीने इकडे धाडलेला. दसऱ्याच्या सुटीत बंद केला, तो आपली सिस्टीमच, कामाचे सगळे मूळ हुकूमच, विसरला. भोकं पाडलेल्या पट्टीवरून ती त्याला पुन्हा वाचायला लावायची. आणि तो वाचत नव्हता. साहेबांनी पावसाळ्यातच बजावलं होतं : यंत्र बंद पडून बसलं की नाशिकला परत, आणि सोबत बाईंची जागाही. नवऱ्याची शाळेतली नोकरी मात्र हट्ट्यालाच.

“काहून जीव काढून राहिल्या, बाई?” भांडार सांभाळणारे किशनराव दारातून म्हणाले. “म्हाताऱ्याला झोपू द्या की.”

“झोपला न्हाई तो. अडून बसलाय.”

“मंग ड्रायव्हरला अजून एक च्या पाजू?”

“दोन पाजा.”

किशनराव हसत गेले. बाईंनी पट्टी काढली, तर बोट लाल झालं. त्यांनी वाकून पाहिलं. पट्टीच्या भोकांतून दिव्याचा उजेड पडून यंत्र ज्या काचेने वाचायचं, तिच्यावर कुंकू होतं. चांगलं दाबून लावलेलं, वर अक्षता. खंडेनवमीला भांडारातल्या पाना-पकडींना लागतं तसं.

पिशवीतलं लेकराचं धडपं काढून त्यांनी काच पुसली. पुन्हा खटके. वर, वर, खाली. पट्टी.

दिवे धावत सुटले. कोपऱ्यातला टेलिप्रिंटर खडखडला आणि कोऱ्या कागदावर एकच ठिपका उमटला. सिस्टीम जागी झाली होती, हुकमाची वाट बघत होती.

बाई खुर्चीत बसल्या. पान्हा दाटून पदर ओला झाला होता. त्यांना ते आत्ता कळलं.

खडखड ऐकून किशनराव कपबशीसकट धावत आले.

“उठला?”

“उठला.”

“बघा! तुमी हसताल, पण म्या पूजा केली व्हती त्याची. डोळ्यालाच कुंकू लावलं, बराबर दिसावं म्हणून.”

बाईंनी लाल धडपं मुठीत दाबलं.

“दिसलं त्याला,” त्या म्हणाल्या. “ट्रक रिकामाच जाऊ द्या आता.”

खंडेनवमीला कचेरीत किशनरावांखेरीज कोणी नव्हतं, आणि यंत्रापुढे नारळ फोडून त्यांनी मागितलं होतं ते एवढंच : बाईची बदली होऊ देऊ नको.