संगणकातून बोलणारे अण्णा

समोरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारीपाजारी, नातलग, सगळे श्वास रोखून एका जुन्या संगणकाकडे बघत होते. अण्णा जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि आता ते त्यातून बोलत होते.

"आत्मा तरंगरूप झालाय," आत्मगुरू डोळे मिटून म्हणाले. "तरंगाला तार लागते, तारेला श्रद्धा लागते. अण्णा, आलात का?"

कीबोर्डला कुणाचाही हात नसताना पडद्यावर अक्षरं उमटली. स्पीकर खरखरला, "आलोय. गॅलरीतली जाई सुकली का गं?"

आई हुंदका देऊन रडू लागली.

"आवाज यंत्रासारखा वाटतो," कुणीतरी पुटपुटलं.

"मग परलोकातून काय रेडिओसारखा स्वच्छ येणार?" मामा खेकसले. गुरूंना घरात आणलं होतं ते मामांनीच.

अण्णांची धाकटी लेक दारात उभी राहून ऐकत होती. परगावी एका कार्यालयात ती लिनक्स प्रणालीवर चालणारे संगणक सांभाळायची; अण्णांचाही तसाच होता. डॉक्टरांचा फोन आला म्हणून धावत आली होती. आईची साखर भलतीच चढली होती, उजव्या डोळ्याने दिसेनासं झालं होतं. इन्सुलिन बंद कर, गुरूंची भुकटी घे, असं अण्णांनीच सांगितलं होतं म्हणे!

"मामा, हा संगणक बाहेर गेला होता?"

"गुरूंच्या शिष्याने शुद्धीकरणासाठी नेला होता."

ती सरळ खुर्चीत बसली.

"स्पर्श नको! तरंग तुटतील!" गुरू ओरडले.

"माझ्या वडिलांचं यंत्र आहे," म्हणत तिने दुसरी खिडकी उघडली आणि एक छोटीशी आज्ञा टंकली: who. या यंत्रात आत्ता कोण कोण शिरलंय ते सांग, एवढाच तिचा अर्थ.

"दोघं आहेत," ती म्हणाली. "एक इथे, कीबोर्डवर. दुसरा आपल्याच वायफायवरून आत आलाय. तुमचा शिष्य कुठेय?"

उत्तराची वाट न बघता तिने वायफाय बंद केलं. "अण्णा, आता बोला."

अण्णा गप्प. गॅलरीतून मात्र आवाज आला, "गुरुजी, लाइन गेली!"

शिष्य तिथे ध्यानाला बसला होता, मांडीवर लॅपटॉप घेऊन. शुद्धीकरणात त्याने बाहेरून आत शिरायची वाट करून ठेवली होती. अण्णांचे जुने ईमेल वाचले होते, म्हणून जाई ठाऊक. आणि लिहिलेलं वाचून दाखवणारा साधा फुकट प्रोग्राम, तोच अण्णांचा आवाज.

"अश्रद्धेने आत्मा दुखावला," म्हणत गुरू उठले. निम्मी खोली त्यांच्यामागे निघून गेली.

मामा खालच्या आवाजात म्हणाले, "मग तूच त्यातून अण्णा होऊन सांग ना, औषध घे म्हणून. ती ऐकेल."

क्षणभर तिलाही मोह झाला. मग तिने आईला खुर्चीत बसवलं. "तू लिही. काहीही."

आईने एका डोळ्याने अक्षरं शोधत लिहिलं, 'मला सोडून जाऊ नका.' यंत्राने तेच, त्याच खरखरीत आवाजात, आईला म्हणून दाखवलं.

"म्हणजे दुसऱ्यांदा गेले," आई एवढंच बोलली आणि इंजेक्शनसाठी दंड पुढे केला. लेकीकडे मात्र बघितलं नाही. डोळ्याची नजर गेली ती गेलीच. आत्मगुरूंची बैठक आता पलीकडच्या गल्लीत भरते.

गेलेल्या माणसासाठी खुशाल रडा. पण औषध बंद करायला सांगणारा आवाज आला, तर तो कुठून येतो ते आधी तपासा. आणि हात लावू नका असं जो बजावेल, त्याच्या चमत्काराला सगळ्यात आधी हात लावा.